नवमी आणि चतुर्दशी

भाद्रपदाच्या वद्य पक्षास मालवणच्या किनाऱ्यावर पितृपक्ष असे फारसे कोणी म्हणत नाही, ‘म्हाळ’ म्हणतात. महालयाचे हे घरगुती रूप. गणपती गेले, मुंबईचे चाकरमानी परतले, की घरोघरी म्हाळ सुरू होतात. वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, खीर, अळू, भोपळा. पानावर वाढलेली ‘वाडी’ बाहेर ठेवायची आणि कावळ्याची वाट पाहायची. बाहेरच्या माणसास हा सारा प्रकार रोज तोच वाटेल. पण पंचांग उघडले तर ध्यानात येते की हा पंधरवडा मृतांमध्ये मोठ्या काटेकोरपणे वाटून दिलेला आहे. ज्याची जी तिथी त्या तिथीला त्याचा म्हाळ, हा सर्वसाधारण नियम. याखेरीज काही तिथ्या राखीव. नवमी सवाष्णपणी गेलेल्या स्त्रियांची, म्हणून अविधवा नवमी. द्वादशी संन्याशांची. आणि चतुर्दशी शस्त्राने मेलेल्यांची.

या चतुर्दशीपुढे पंचांगात ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ असे छापलेले असते. शस्त्राने मेलेल्याची मृत्युतिथी कोणतीही असो, पंधरवड्यातले त्याचे श्राद्ध याच दिवशी. उलट जो घरात, अंथरुणावर, चतुर्दशीला वारला त्याला या दिवशी जागा नाही. त्याचा म्हाळ अमावास्येवर ढकलला जातो. युद्धात पडलेल्यांसाठी वर्षातला एक दिवस बाजूला काढावा ही कल्पना युरोपात रूढ झाली ती पहिल्या महायुद्धानंतर, ११ नोव्हेंबरच्या रूपाने. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीतच चतुर्दशीचा निर्देश आहे. मात्र तिकडचा दिवस राष्ट्राने पाळायचा आहे, इकडचा ज्याच्या त्याच्या घराने. आणि घर जे पाळते ते जगास दिसत नाही.

‘शस्त्रादिहत’ या समासातील ‘आदि’ हा शब्द वाचताना सहज नजरेआड होतो. त्या दोन अक्षरांत धर्मशास्त्रकारांनी विष, अग्नी, पाणी, वीज, श्वापद अशी अपमृत्यूची सगळी कारणे सामावून घेतली आहेत. आमच्या किनाऱ्याच्या दृष्टीने या ‘आदि’चे मोल फार आहे. कारण येथून जी माणसे विसाव्या शतकातील दोन महायुद्धांत गेली, त्यांतली पुष्कळशी हातात शस्त्र न धरता गेली. ती बोटींवर होती. पाणतीर लागला, आग लागली, बोट बुडाली. शस्त्र, अग्नी आणि जल यांपैकी कशाने माणूस मेला हे सांगायला कोणी उरले नाही. ‘आदि’ नसता तर या माणसांना पंचांगात कोठे बसवायचे, हा प्रश्नच पडला असता.

युद्धात मेलेल्या माणसाला मराठीत काय म्हणावे, हेही येथे पाहण्यासारखे आहे. आज वर्तमानपत्रांत ‘शहीद’, ‘हुतात्मा’, ‘वीरमरण’ हे शब्द सर्रास येतात. जुन्या मराठीची रीत निराळी होती. बखरींत आणि पेशवाईच्या कागदांत माणूस लढाईत ‘कामास येतो’ किंवा नुसता ‘पडतो’. ‘कामास आला’ या शब्दप्रयोगात गौरव आहे, पण त्याचबरोबर हिशेबही आहे. माणूस चाकरीत होता, आणि त्या चाकरीच्या कामी तो लागला. त्याच्यामागे मुलांच्या पोषणासाठी सरकारातून जी नेमणूक होत असे तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. अमुक इसम अमुक लढाईत कामास आला सबब त्याच्या मुलास बालपरवेशी, अशा धर्तीच्या नोंदींमुळे कितीतरी सामान्य शिपायांची नावे आज आपल्यास ठाऊक आहेत. स्मरण करावे म्हणून ती नावे कोणी लिहिली नव्हती, पैसा द्यायचा होता म्हणून लिहिली. त्या काळच्या खजिन्याच्या वह्या हेच कित्येकांचे एकमेव स्मारक ठरले आहे, आणि आमच्या मते ते वाईट स्मारक नव्हे.

दगडाच्या स्मारकांची गोष्ट याच्या बरोबर उलट. कोकणातल्या देवळांच्या आवारांत वीरगळ आढळतात. खालच्या चौकटीत युद्ध, मध्ये अप्सरांबरोबर स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा. समुद्रावरच्या युद्धाचे सर्वांत प्रसिद्ध वीरगळ मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे आहेत. सहा शिळा, त्यांवर वल्ह्यांची गलबते ओळीने कोरलेली. शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात तेराव्या शतकात झालेल्या आरमारी झुंजीशी काही अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. शिल्पकाराने वल्ही मोजून दाखवली आहेत, पाण्यात पडणारी माणसे दाखवली आहेत. पण ही माणसे कोण, हे ती शिळा सांगत नाही. दगडाने प्रसंग राखला आणि नाव गमावले. वहीने नाव राखले. प्रसंगाची एक ओळ. घर यांपैकी नेमके काय राखते, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम या किनाऱ्यावरून कोण गेले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला; तोवर मालवण, देवगड, वेंगुर्ले, कणकवली हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि सावंतवाडी १९४८ पर्यंत वेगळे संस्थान. त्यामुळे जुन्या कागदांत येथला माणूस शोधायचा तर ‘रत्नागिरी’ हाच शब्द शोधावा लागतो. रत्नागिरी जिल्हा फौजेच्या भरतीचा जिल्हा. मराठा पलटणींत ‘कोंकणी मराठा’ हा स्वतंत्र वर्गच धरला जाई. १९१५–१६ मध्ये मेसोपोटेमियात कूत येथे जी हिंदी फौज पाच महिने वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांतले किती मेले आणि किती कैदेच्या वाटेवर वाळवंटात गळले याचा हिशेब बसरा येथील स्मारकात आहे, पण तो कसा आहे ते पाहावे. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. इंग्रज अधिकारी आणि शिपाई नावाने. हिंदी अधिकारी नावाने. हिंदी शिपाई मात्र पलटणीचे नाव आणि पुढे आकडा. गावागावांतल्या संगमरवरी पाट्यांनीही हेच केले. या गावातून महायुद्धास इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, अशा मजकुराच्या या पाट्या महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत आजही सापडतात. गाव म्हणजे शंभर-दोनशे उंबरे. तेथे कोण गेला आणि कोण आला नाही हे प्रत्येकास ठाऊक होते. पाटीने तेवढेच वगळले.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला आणि ही विषमता स्वतःच मान्य केली. आफ्रिका, मध्यपूर्व आणि हिंदुस्थान येथील किमान १ लाख १६ हजार, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांचे नावाने किंवा मुळीच स्मरण केले गेले नाही, असे त्यात म्हटले आहे. शतकानंतर आलेली ही कबुली. तोवर ज्यांना ती ऐकायची होती ते सगळे गेले होते.

फौजेपेक्षाही आमच्या किनाऱ्याचे जुने नाते दर्याशी. गाबीत, भंडारी, खारवी, दालदी, कोकणी मुसलमान, ख्रिस्ती, सगळ्यांचे. मराठ्यांचे आरमार संपले, पण त्याचे खलाशी संपले नाहीत. त्यांची नातवंडे मुंबईस जाऊन विलायती कंपन्यांच्या बोटींवर चढली. सारंग, टंडेल, सुकाणी, कसाब, खलाशी. खाली भट्टीपाशी आगवाले आणि कोळसेवाले. इंग्रजांनी या सर्वांना एकच शब्द लावला, ‘लास्कर’. पहिल्या महायुद्धात असे हिंदी खलाशी साडेतीन हजारांच्या आसपास मेले, दुसऱ्यात सहा हजारांहून अधिक. ब्रिटिश व्यापारी आरमारातील मृतांसाठी लंडनला टॉवर हिलवर भव्य स्मारक आहे, नावे ब्राँझमध्ये. हिंदी खलाशी त्याच बोटींवर, त्याच रात्री बुडाले. त्यांची सोय मुंबई आणि चितगाव येथे करण्यात आली. पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदर भागातील खलाशांच्या वसतिगृहात आहे. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे सहा हजारांसाठी एक नामावलीचे पुस्तक झाले. एक प्रत चितगावला, एक मुंबईस. मस्जिद बंदरच्या गोदामांमधून रोज हजारो मराठी माणसे जातात. हे स्मारक पाहिलेला मनुष्य आम्हांस तरी क्वचित भेटला.

आता घराची गोष्ट. आमच्या आजोबांचे थोरले बंधू, ज्यांस आम्ही थोरले आजोबा म्हणतो पण ज्यांना आमच्यापैकी कोणी पाहिलेले नाही, असेच बोटीवर होते. १९४१ च्या नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा ते मालवणहून मुंबईस गेले. वर्षभर मनिऑर्डरी आल्या. १९४२ सरता सरता बंद झाल्या. पुढल्या पावसाळ्याच्या आधी एक इंग्रजी पत्र आले. ते शाळामास्तरांनी वाचले आणि त्यातला ‘प्रिझ्यूम्ड’ हा शब्द मराठीत कसा सांगावा हे त्यांना सुचेना. ते म्हणाले, ‘मेले असे धरून चालतात.’ थोरल्या आजीने तेवढेच धरले. धरून चालतात, म्हणजे मेले नाहीत.

तिचे वय तेव्हा वीस-बावीस. मूल नव्हते. भरपाईची काही रक्कम मिळायची होती. त्यासाठी तिला तालुक्याच्या एका कचेरीत नेऊन कागदावर अंगठा घेतला. कागदावर ती त्या दिवशी विधवा झाली. घरी परत येऊन तिने पूर्ववत कुंकू लावले. पैसा तिने दिराच्या हाती दिला, त्यातून माजघराची भिंत झाली. लोकांनी या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा? काही बायका तिला हळदीकुंकवास बोलावीत, काही टाळीत; तिने दोघींचाही घोळ संपवला आणि कोणाकडेच जाणे बंद केले. गळ्यात काळी पोत मात्र शेवटपर्यंत होती.

धर्मशास्त्रात अशा परागंदा माणसासाठी विधी आहे. कमलाकरभट्टाच्या ‘निर्णयसिंधू’सारख्या ग्रंथांत त्याचा तपशील येतो, आणि आपल्याच चिपळूणकडचे म. म. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ च्या चौथ्या खंडात अंत्यकर्माचा आणि श्राद्धाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. बारा वर्षे वाट पाहावी. मग पळसाच्या देठांची किंवा दर्भाची पुरुषाकृती करावी, अवयवागणिक ठरावीक देठ, एकूण ३६०. डोक्याच्या ठिकाणी नारळ. आणि तिचे यथाविधी दहन करावे. याला पालाशविधी म्हणतात. इंग्रजांच्या १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम १०८ ने हीच मुदत सात वर्षांची केली. कायद्याला पाच वर्षे कमी पुरतात, कारण त्याला फक्त मालमत्तेचा निकाल लावायचा असतो. पळसाच्या बाहुल्यास अग्नी देणाऱ्याचे काम त्याहून अवघड आहे. त्या क्षणापासून एका जिवंत बाईचे आयुष्य बदलते.

आमच्या घरी १९५४ च्या सुमारास भटजी ही गोष्ट काढण्यास आले. थोरली आजी चुलीपाशी होती. ती आतूनच म्हणाली, ‘आणि इले तर? तेंका काय सांगू, तुमका जाळून मोकळी झालंय म्हणान?’ भटजींना परत पाठवण्यात आले. विधी झाला नाही. विधी झाला नाही म्हणून थोरले आजोबा पितरांत गेले नाहीत, आणि म्हणून म्हाळाच्या यादीत त्यांचे नाव कधी घेतले गेले नाही. ही यादी एका वहीत असते: पिता, पितामह, प्रपितामह, मातृत्रयी, मातामह, मग चुलते, भाऊ, आत्या, आप्त, गुरू. ज्याचे कोणी नाही तोही या यादीत कोठेतरी बसतो. ते मात्र बसले नाहीत, कारण एका बाईने त्यांना जिवंत ठेवले होते.

ही अडचण हिंदू घरांपुरती होती असे नाही. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. हनफी पंथात समोर मृतदेह नसेल तर जनाज्याची नमाज होत नाही. शाफईंत ‘गायबाना’ नमाजेस मुभा आहे. समुद्राशी ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार त्यांना ही सवलत किती मोलाची वाटली असेल, हे वेगळे सांगावयास नको. ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस. तेथे कबर नसली तरी मिसा मागता येते. देह नसताना माणसाला निरोप कसा द्यावा हा प्रश्न एकाच आळीतील तीन धर्मांनी तीन रीतींनी सोडवला होता. आमच्या घरी तो सुटला नाही, याचे कारण धर्म नव्हे.

थोरली आजी १९६८ मध्ये वारली. तिला कसे न्यावे हा प्रश्न आला तेव्हा आजोबांनी, म्हणजे तिच्या दिरांनी, कोणास न विचारता हिरवे लुगडे आणावयास सांगितले. तिची ओटी भरली, मळवट भरला, ती सवाष्ण म्हणून गेली. साहजिकच तिचा म्हाळ अविधवा नवमीस. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरतात. आता यातली गोम अशी की ही नवमी पती हयात असेपर्यंतच करावी, पुढे नाही, असा पुष्कळ घरांचा प्रघात आहे. तो मानला तर दरवर्षी नवमी करणे म्हणजे दरवर्षी थोरले आजोबा जिवंत आहेत असे जाहीर करणे. आणि त्याच वर्षापासून आजोबांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. चतुर्दशीला ते एक जादा वाडी ठेवू लागले. नाव न उच्चारता. पालाशविधी त्यांनी केला नाही. वहिनीचा शब्द तिच्या पश्चातही मोडला नाही. पण भाऊ मेला हे त्यांना ठाऊक होते, बहुधा पहिल्या दिवसापासून. नवमीला ती सवाष्ण, चतुर्दशीला तो शस्त्रहत. मध्ये पाच दिवस. त्या पाच दिवसांत आमच्या घरात एक मनुष्य दरवर्षी जिवंत असतो आणि मरतो.

त्यांच्या मरणाला देशाच्या इतिहासात जागा का मिळाली नाही, हे समजण्यास १९४२ हे साल पुरेसे आहे. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. त्या वर्षी जो तुरुंगात गेला त्याची नोंद झाली, पुढे ताम्रपट आला, शाळेत सत्कार झाला. त्याच वर्षी जो इंग्रजांच्या बोटीवर बुडाला त्याला स्वातंत्र्यानंतर काय म्हणावे हे कोणास कळेना. साम्राज्याचा तो पगारी नोकर. देशासाठी मेला म्हणणे खोटे, आणि फुकट मेला म्हणणे घराला सोसवणारे नव्हते. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्‌घाटन झाले, त्यावर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत. ती स्वातंत्र्यानंतरची, आणि ते योग्यच आहे, कारण स्मारकाला कोठेतरी सीमा आखावीच लागते. मराठी साहित्यानेही या माणसांकडे फारसे पाहिले नाही. युद्धाच्या उंबरठ्यावरची बोट आपल्या कादंबरीत आली ती विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये, १९३९ साली, आणि ती प्रवाशांच्या अंगाने आली. भट्टीपाशी कोळसा लोटणाऱ्या रत्नागिरीकराची कादंबरी मराठीत लिहिली जाण्यास आता फार उशीर झाला आहे. साक्षीदार उरले नाहीत. असो.

आम्हांस वाटते, अशा माणसांसाठी जुना ‘कामास आला’ हाच शब्दप्रयोग नेमका आहे. तो त्यांना हुतात्मा करत नाही, आणि फसलेलाही ठरवत नाही. मनुष्य कामावर होता. बोट कोणाची, ध्वज कोणाचा, हे त्याने निवडले नव्हते. घरी मनिऑर्डर जावी एवढे निवडले होते.

त्या काळच्या समुद्राची कल्पना यावी म्हणून दोन बोटींचा उल्लेख करतो. ‘सिटी ऑफ कैरो’ ही बोट २ ऑक्टोबर १९४२ रोजी मुंबईहून निघाली, आणि ६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या तोंडावर, दक्षिण अटलांटिकमध्ये सेंट हेलेनाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीने ती बुडवली. तिच्यावरचे खलाशी बहुतांश हिंदी. बोट बुडताना मेले ते थोडे. उघड्या होड्यांत तहानेने आणि उन्हाने पुढे मेले ते जास्त. एकूण शंभराहून अधिक. तिच्या पोटात सुमारे शंभर टन चांदी होती, रुपयांच्या नाण्यांची. ही चांदी पाच किलोमीटरहून अधिक खोलीवरून वर काढली गेली आणि २०१५ मध्ये ते जाहीर झाले. दुसरी ‘तिलावा’, मुंबईहून आफ्रिकेस जाणारी प्रवासी बोट. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, त्रिपुरी पौर्णिमा उलटता उलटता, जपानी पाणबुडीने ती अरबी समुद्रात बुडवली. २८० माणसे गेली. ‘तिलावा’तील मृतांसाठी पहिला स्मृतिसमारंभ मुंबईत झाला तो बरोबर ऐंशी वर्षांनी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी. रुपये वर येण्यास सत्तर वर्षे लागली, नावे वर येण्यास ऐंशी.

मालवणला स्मरणाचे वावडे आहे असे मुळीच नाही. येथला सिंधुदुर्ग किल्ला, त्यातील शिवरायांच्या हातापायांचे ठसे, राजाराममहाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर, हे सारे स्मरणच. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन येथे साजरा झाला. त्या दिवशी राजकोटावर अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला आणि २०२५ मध्ये नवा उभा राहिला. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस वेगळेच सुचते. ४ डिसेंबर हा १९७१ मधील कराचीवरच्या हल्ल्याचा दिवस, म्हणून नौदल दिन. त्याच युद्धात ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. तेथेही मध्ये पाचच दिवस. खुकरीच्या नाविकांची नावे दीवच्या स्मारकावर आहेत, त्यांच्या बायकांना पेन्शन मिळाले, आणि तरीही त्यांतील कित्येकींनी किती काळ कुंकू पुसले नाही, याची नोंद कोणत्या वहीत असणार?

थोरल्या आजोबांचे नाव आमच्या घरातील मुलांना सापडले ते २०१४ साली, युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर. नाव, बापाचे नाव, हुद्दा खलाशी, बोटीचे नाव, डिसेंबर १९४२ मधील एक तारीख, रत्नागिरी जिल्हा. पत्नीचा उल्लेख नाही. मुलांनी लगेच जुने पंचांग धुंडाळून तिथी काढली. ती मार्गशीर्षातली निघाली. आता घरात वाद सुरू झाला. तारीख कळली, तिथी कळली, तेव्हा रीतसर श्राद्ध करावे, वहीत नाव घालावे, असे तरुणांचे म्हणणे. त्यांना नावाचे मोल कळते. आणि ज्या नावाला बसऱ्याच्या भिंतीवर जागा मिळाली नाही त्या नावाच्या भाऊबंदांपैकी एक हाती लागल्यावर ते सोडावे कसे, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. घरातल्या बायकांनी हरकत घेतली. थोरले आजोबा डिसेंबर १९४२ मध्ये वारले असे एकदा वहीत लिहिले, की थोरली आजी त्या दिवसापासून विधवा होते. सव्वीस वर्षे तिने लावलेले कुंकू खोटे ठरते, आणि नवमी बंद होते. एका मृताचे नाव लिहिण्यासाठी दुसऱ्या मृताचा शब्द खोडावा लागतो.

यावर आमच्या भटजींनी एक गोष्ट सांगितली, ती येथे दिली पाहिजे. श्राद्धात पितरांची नावे ठाऊक नसतील तर सूत्रकारांनी पर्याय देऊन ठेवला आहे. बापास ‘पृथिवीषद्’ म्हणजे पृथ्वीवर बसलेला, आजास ‘अंतरिक्षसद्’, पणज्यास ‘दिविषद्’ म्हणावे. पृथ्वी, अंतरिक्ष, स्वर्ग. समुद्रात बसलेल्यासाठी शब्द नाही. तेव्हा, ते म्हणाले, तुमची बिननावाची वाडी चालू द्या, ती काही अगदीच अशास्त्र नव्हे. हे सांगताना ते किंचित हसले, म्हणून त्यांचा निर्णय शास्त्राचा की शेजारधर्माचा, याविषयी आम्हांस शंका आहे. सध्या नवमी चालू आहे, चतुर्दशीही चालू आहे. संकेतस्थळावरील नोंदीचा छापील कागद वहीत घडी घालून ठेवलेला आहे; वहीत नाव लिहिलेले नाही.

ज्यांच्या घरी असे कोणी असेल त्यांनी शोधताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आडनावाने शोधू नये. खलाशांच्या नोंदी पुष्कळदा स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावरच आहेत, आणि बापाचे नाव आडनावाच्या जागी छापलेले असते. इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानाचे आहे. मालवणी उच्चार त्याला जसा ऐकू आला तसा. जिल्हा रत्नागिरी धरावा, सावंतवाडीकडचे घर असल्यास संस्थानाचे नावही पाहावे. स्मारकाच्या नावात मुंबई आणि चितगाव दोन्ही एकत्र येतात, त्यामुळे बंगालचे ठिकाण दिसले म्हणून नोंद सोडून देऊ नये. आणि शोधण्यापूर्वी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारावे, की सापडलेले त्यांना हवे आहे काय.